झेंड्याच्या मापाचा नियम

डोळ्यात दगडाची कपची गेली तर ती जिभेनं काढतात, हे मला वयाची पंचविशी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात अहमदपूरच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं आणि मी तिथं हजेरी कारकून म्हणून लागलो. मॅट्रिक झालेला, बाजारात वडिलांचं किराण्याचं दुकान, उन्हात उभं राहायची सवय नाही. सकाळी वही घेऊन ओळीनं फिरायचं, नावं पुकारायची आणि उरलेला दिवस बाभळीखाली काढायचा, असं ते काम होतं. समोर बाया रांगेनं बसून खडी फोडत असायच्या.

खडी फोडणं दिसायला सोपं. पुरुष घणानं मोठे दगड फोडून देतात. बाई जुन्या टायरचं एक कडं समोर ठेवते, त्यात दगड धरते आणि हातोडीनं त्याचे लिंबाएवढे तुकडे करते. कडं असतं ते कपच्या उडू नयेत म्हणून. तरी शंभरातली एखादी उडतेच, आणि तिला का कोण जाणे, डोळ्याचीच वाट सापडते.

एका सकाळी हजेरी घेताना तिला माझा डोळा सापडला. मी वही टाकून खाली बसलो आणि डोळा चोळू लागलो. कोणीतरी ओरडलं, "चोळू नका! गयाला बोलवा." गया म्हणजे शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून आलेली, माझ्याच वयाची बाई. छप्पन साली तिच्या आईबापांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती, पण शाळेत काही गेली नव्हती. ती आली, तिनं चूळ भरली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि दोन बोटांनी माझ्या पापण्या फाकवल्या. ती काय करणार आहे हे लक्षात आल्यावर मी मान मागं घेतली.

आम्ही लिंगायत. आमच्या शरण संतांनी जातपात मोडली असं वडील दुकानात बसून गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे आणि पाणी मात्र वरून ओतायचे. त्या कामावरही पाण्याचे रांजण दोन होते. गयाला माझं मान मागं घेणं कळलं. ती म्हणाली, "जात ठिवता का डोळा ठिवता, बोला बेगीन. मला माझा ढीग करायचा हाय."

मी डोळा ठेवला. तिच्या जिभेचं टोक बुबुळावरून एकदा फिरलं, आणि तिनं तळहातावर थुंकून तिळाएवढी काळी कपची मला दाखवली. ते प्रत्येकाला दाखवायची तिची पद्धत होती, म्हणजे माणूस नंतर उगाच डोळा चोळत बसत नाही. पुढच्या काही महिन्यांत मी पाहिलं की वेगळ्या रांजणातलं पाणी पिणाऱ्या सगळ्यांचेच डोळे तिच्या जिभेखालून गेले होते. एका गावची पाटलीणसुद्धा दुष्काळानं खडी फोडायला बसली होती. तिनं डोळ्यातली कपची काढून घेतली आणि मग रडली. कपचीमुळं रडली की कशामुळं, ते मी विचारलं नाही. मी स्वतः घरी कोणाला काही सांगितलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला कामगार चळवळीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात मोर्चे आणि लाठीमार असावेत. लाठी मी आयुष्यात एकदाच खाल्ली, तीही दुसऱ्याच पक्षाच्या मोर्च्यात, नांदेडच्या बसस्टँडसमोरून कचोरी घेऊन जाताना. तेव्हा ते राहू द्या.

खाण म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो, फार तर सोनं. कायद्याच्या लेखी दगडाची खदानसुद्धा खाणच. म्हणून देशभरातल्या खाण कामगारांच्या आमच्या युनियनची एक शाखा नांदेडला, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होती. दुष्काळ सरला, रस्त्याचं काम बंद पडलं आणि मी फिरत फिरत त्या शाखेचा पूर्णवेळ चिटणीस झालो. युनियनचं नाव इथं लिहीत नाही. आता तिचे तीन तुकडे झालेत आणि तिघंही आपणच मूळ असं सांगतात. नाव लिहिलं तर तिघांचीही खुलाशाची पत्रं येतील.

तिचा इतिहास आम्हाला शिबिरात शिकवत. ती कोळशाच्या मुलखात जन्मली. पहिला सरचिटणीस स्वतः टोपलीनं कोळसा भरणारा होता, हे सांगताना व्याख्याते थांबून आमच्याकडं बघायचे. त्याच्यानंतर एक वकील आला, मग दुसरा वकील, मग एक प्राध्यापक, मग पुन्हा वकील. खाणीत उतरलेला माणूस त्या खुर्चीवर परत बसला नाही. असं का, म्हणून मी एकदा उठून विचारलं होतं. व्याख्याते म्हणाले, कायदे आता फार गुंतागुंतीचे झालेत, शिवाय पत्रव्यवहार असतो. ते मला पटलं आणि मी खाली बसलो.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि सगळीकडं बांधकामं सुरू झाली. कचेऱ्या, साहेबांचे बंगले, शाळा, रस्ते. नवा जिल्हा म्हणजे नवरदेवाचं घर, सगळं एकदम पाहिजे. खडीला मागणी आली आणि अहमदपूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका माळाला मोठी खदान लागली. पाटलीण पाऊस पडल्यावर केव्हाच आपल्या शेतात परत गेली होती. ज्यांना परत जायला शेत नव्हतं त्या बाया खडी फोडायचं काम धरून राहिल्या होत्या, आणि त्या सगळ्या या खदानीत आल्या. गयाही आली. हजेरीच्या वहीत ती नुसती गया होती. आता ती सभासद झाल्यामुळं मी तिला गयाबाई म्हणू लागलो आणि मला अप्पा म्हणायची तिची सवय तशीच राहिली.

खदानीचा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, वाईट माणूस नव्हता, निव्वळ चिकट होता. खाण निरीक्षक येणार असं त्याला एकदा आधी कळलं. कायद्यानं कामगाराच्या डोळ्याला चष्मा पाहिजे. त्यानं अहमदपुरातल्या वेल्डिंगवाल्यांकडून पंधरा-वीस चष्मे एका दिवसापुरते मागून आणले आणि बायांना घालायला लावले. वेल्डिंगचे चष्मे काळेकुट्ट असतात. भर दुपारी बाया चाचपडू लागल्या. दोघींनी स्वतःचंच बोट ठेचून घेतलं. एक म्हातारी तर दिवस बुडाला म्हणून भाकरीचं फडकं गोळा करून घरी निघाली.

निरीक्षक आले, वहीत 'चष्मे आहेत' असं लिहू लागले. गयाबाई उठली, आपला चष्मा काढून त्यांच्यापुढं धरला.

"सायेब, ह्यो घाला आन् एक दगड फोडून दावा."

"मी कशाला फोडू?"

"मंग लिवू नका. दिसंना म्हणून आमी बी फोडून न्हाई राहिलो."

साहेबांनी खरंच चष्मा घातला, दोन पावलं टाकली आणि ढिगाला अडखळले. सगळी खदान हसली, साहेबही हसले, गुत्तेदार तेवढा हसला नाही. त्या दिवसापासून गयाबाईची एकच मागणी होती. पांढऱ्या काचेचे चष्मे. कोळशातल्या माणसाला टोपी मिळते, दिवा मिळतो, मग दगडातल्या बाईला साधी काच का नाही, असं ती मला दर आठवड्याला विचारायची.

त्या वर्षी पाऊसही धड झाला नव्हता. खदानीवर टँकर यायचा तो दगड फोडायच्या मशीनवर धूळ बसवायला. बायांना प्यायला पाणी नाही. मी युनियनच्या कागदावर तीन प्रतींत निवेदन टाइप करून दिलं. गुत्तेदारानं ते वाचलं आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला. गयाबाईनं हे पाहिलं. ती आपल्या जागी गेली, हातोडी घमेल्यात टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेजारणीनं आपली हातोडी त्याच घमेल्यात टाकली. मग तिच्या शेजारणीनं. अर्ध्या तासात सगळ्या खदानीचा ठकठकाट थांबला. दुपारी टँकर बायांकडं वळला. नांदेडच्या माझ्या अहवालात मी लिहिलं, 'शाखेच्या निवेदनाची दखल घेण्यात आली.' हे मी तेव्हा लबाडी म्हणून लिहिलं नाही. अहवाल असेच लिहितात अशी माझी समजूत होती.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला मी इतका वेळ आजूबाजूला फिरतो आहे.

नवा जिल्हा झाला म्हणून युनियननं लातूरला वेगळी जिल्हा शाखा द्यायचं ठरवलं. शाखा म्हणजे देशाच्या कौन्सिलवर एक जागा. जिथं कोळसा, लोखंड, अभ्रक असल्या खाणींची माणसं बसतात, तिथं आमच्या माळावरचं एक माणूस बसणार होतं. वर्षातून दोनदा बैठक, आणि मागण्या ठरतात त्या तिथंच. युनियनचे सरचिटणीस स्वतः खदानीवर येणार होते आणि त्यांच्यासमोर नाव ठरणार होतं. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. उंच, गोरे, हिंदी बोलणारे वकील.

आमच्या खदानीत माणूस निवडायची एक रीत होती. हात वर करून नाही, कारण हात वर केला की गुत्तेदाराच्या मुकादमाला दिसतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला उभं राहणाऱ्यांची घमेली ठेवायची, किती खडे पडले ते दिसू नये म्हणून वर ओलं पोतं टाकायचं, आणि एकेकानं आत जाऊन आपल्याला हवा त्याच्या घमेल्यात एक खडीचा खडा टाकायचा. वाचायला नको, लिहायला नको. त्या दिवशी घमेली दोनच. खूण म्हणून माझ्या घमेल्यावर माझा रुमाल होता आणि गयाबाईच्या घमेल्यावर तिची हातोडी. तिनं आपण होऊन काही नाव दिलं नव्हतं, बायांनीच तिचं घमेलं मांडलं. मलाही त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं दिसेल असं वाटलं. दहा-पाच खडे तिला पडतील, लोकशाही झाल्यासारखं होईल.

बाबूजी जीपमध्ये बसले होते. त्यांना नांदेडहून गाडी धरायची होती. खडे टाकून झाल्यावर मी एकटाच आडोशाला गेलो आणि पोती उचलली. माझ्या घमेल्यात अकरा खडे होते. एक माझा. तिचं घमेलं मी हलवून पाहिलं, ते मला एकट्याला उचललं नाही.

मी किती वेळ तिथं उभा होतो ते आठवत नाही. फार नसावा. मला राग आला होता हे मात्र पक्कं आठवतं. दहा वर्षं मी यांच्यासाठी नांदेड-अहमदपूर एसटीत उभं राहून प्रवास करतो, शिंप्याच्या खोलीत झोपतो, लग्न लांबवलं, आणि यांनी मला अकरा खडे टाकले. बाहेर हॉर्न वाजला. बाबूजींनी विचारलं, "नाम बोलो भाई, लिखना है." मी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मी लोकांसमोर आलो. माझ्या खिशात युनियनच्या घटनेचं पुस्तक होतं, लाल कव्हराचं, हिंदीतलं. ते मी वर धरलं आणि म्हणालो, "गयाबाईंना जास्त खडे पडलेत. पण घटनेत नियम आहे. कौन्सिलवर जाणाऱ्याला लिहिता-वाचता आलं पाहिजे." आणि पुस्तक उघडून मी एका ओळीवर बोट ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

असा नियम नव्हता. मी बोट ठेवलं त्या पानावर युनियनचा झेंडा किती लांब आणि किती रुंद असावा ते दिलं होतं.

मागून घणकरी मारुतीबुवा म्हणाले, "अप्पा, मंग आदी कामून न्हाई सांगितलं? आमी कशाला खडं टाकलं?" उत्तर गयाबाईनंच दिलं. "बुवा, गप बसा. पुस्तकात हाय तर हाय. अप्पा वाचून राहिले न्हव?" मग ती माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला अवघडल्यासारखं झालं होतं, जणू नियम मोडून भलत्या जागी बसताना ती पकडली गेली. "तुमी जावा अप्पा. पर माझं चष्म्याचं तेवढं सांगा." मी हो म्हणालो. चष्म्याची मागणी मी एका चिठ्ठीवर लिहून घेतली, तिच्यासमोरच.

कौन्सिलची बैठक कोळशाच्या मुलखात होती. तिथं मला हार घातला, खाण आतून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी बोलायला पाच मिनिटं दिली. मी नांदेडला आरशासमोर हिंदीचा सराव करून गेलो होतो. पाच मिनिटांत मी साम्राज्यवादावर बोललो. टाळ्या चांगल्या पडल्या. शेजारच्या अभ्रकाच्या प्रतिनिधीनं विचारलं, तुमच्याकडं दगडाच्या खाणीत काय प्रश्न आहेत? मी म्हणालो, तेच, जे सगळीकडं आहेत. चिठ्ठी खिशातच होती. मी ती विसरलो नव्हतो. एवढ्या मोठ्या सभेत चष्म्यासारखी बारीक गोष्ट काढली तर मी लहान दिसेन, असं मला वाटलं.

परत आलो तेव्हा गयाबाई रस्त्यापर्यंत आली होती.

"मांडलं का अप्पा?"

"मांडलं."

"काय म्हणले?"

"बघतो म्हणाले."

तिनं खदानीत जाऊन सांगितलं की वरून चष्मे यायचेत. बाया महिना-दोन महिने वाट बघत होत्या. तिनं मला आणखी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. 'वरचं काम हाय, टाइम लागंल' असं ती माझ्या वतीनं इतरांना सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात पारूचा डोळा गेला. पारू म्हणजे गयाबाईच्या वस्तीतली नवी सून, अठरा-एकोणीस वर्षांची, खदानीत सगळ्यात जोरात हसणारी. कपची बुबुळात रुतली होती. गयाबाईनं जीभ लावली आणि लगेच मागं घेतली. "ही माझ्यानं न्हाई निघायची. दवाखान्यात चला." आम्ही तिला एसटीनं नांदेडला नेलं. वाटेत पारू एकदाही ओरडली नाही, फक्त माझा शर्ट मुठीत धरून बसली होती. डॉक्टरांनी डोळा काढला. बाहेरच्या बाकावर गयाबाई मला म्हणाली, "त्ये चष्मे आले असते तर, न्हव का?" मी म्हणालो, "हो." आणखी काही म्हणायची ती वेळ होती. मी चहा आणायला गेलो.

चष्मे पुढं आलेच नाहीत. मी कौन्सिलवर बरीच वर्षं होतो. नंतर एकदा मी तो विषय खरंच मांडलाही, तेव्हा बाबूजी म्हणाले, पहले क्यों नहीं बताया? खदान पुढं खोल गेली, पाणी लागलं आणि बंद पडली. मी निवृत्त झालो. अहमदपूरला भावानं बांधलेल्या घरात वरच्या मजल्यावर राहतो.

यंदा तीन तुकड्यांपैकी एकानं युनियनचा इतिहास छापायचं ठरवलं. लातूरचं प्रकरण माझ्याकडं आलं. मी एका बैठकीत ते लिहून काढलं. त्यात एक वाक्य होतं, 'नूतन जिल्हा शाखेतून कौन्सिलवर माझी निवड झाली.' वाचायला ते इतकं साधं होतं की मला काही खटकलं नाही. फक्त आठवणींचा ताजा मसाला मिळावा म्हणून मी गयाबाईला भेटायला तिच्या वस्तीवर गेलो.

ती आता थकली आहे, पण आवाज खणखणीत. दाराशी बाजेवर बसून होती. वस्तीत तिच्या शब्दाला मान आहे, लग्न ठरवताना लोक तिला विचारून ठरवतात. तिनं मला ओळखलं, चहा करायला लावला आणि शेजारपाजारच्या बायांना बोलावून माझी ओळख करून दिली. "ह्ये आमचे अप्पा. आमच्यावाणी अडाण्याला कायदा ह्यांनीच शिकवला."

आणि मग तिनं ती घमेल्यांची गोष्ट सांगितली. मी एका वाक्यात उरकली होती, त्याहून कितीतरी चांगली. आपल्याला किती खडे पडले, आपण कसे फुगलो होतो, आणि अप्पांनी पुस्तक उघडून नियम दाखवल्यावर आपण कसं ऐकलं. "लोकं म्हणतेत खडं पडलं की झालं. तसं नसतं. नियम बी असतो." बाया माना डोलवत होत्या. मग ती म्हणाली, "म्हणून तर मी पारूला बी आडवलं."

मी विचारलं, कशाला अडवलं?

गावची सरपंचकी बाईसाठी राखीव झाली होती, तेव्हाची ती गोष्ट. बायांनी पारूचं नाव काढलं. एका डोळ्याची, पण बोलायला खमकी, तहसीलात जाऊन भांडणारी. पारू तयार होती, फॉर्मही आणला होता. गयाबाईनं तिला घरी बोलावून समजावलं, की पोरी, आपल्याला लिहिता-वाचता येत नाही. युनियनमध्ये हा नियम होता, सरकारात तर त्याहून कडक असणार. भर कचेरीत पाणउतारा होईल. तिचं ऐकून पारूनं फॉर्म चुलीत घातला. जी निवडून आली तिला सही येत होती आणि कारभार तिचा नवरा बघत होता. "त्या पाच सालांत आमच्या वस्तीला नळ आला न्हाई," गयाबाई म्हणाली. "पर नियमाम्होरं काय?"

मी चहा पूर्ण प्यायलो. उठताना सगळ्यांना नमस्कार केला आणि अहमदपूरच्या गाडीत बसलो.

मी बोललो ते त्या एका दुपारीच संपलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते तिथंच थांबलं नव्हतं. मी खोटं बोलून नांदेडला निघून गेलो, आणि ते खोटं तिनं खरं म्हणून सांभाळलं, दुसऱ्याला शिकवलं, त्याच्यावर एका बाईची सरपंचकी ओवाळून टाकली. मला लाज वाटली हे लिहिणं पुरेसं नाही. मला दोन दिवस अन्न गेलं नाही, आणि त्यातही मी स्वतःला समजावत होतो की आता सांगून काय उपयोग, म्हातारीला उगाच त्रास. हे समजावणंही जुन्या ओळखीचं होतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. गयाबाई एकटीच होती. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि मी दुसरंच काही बोललो असतो.

"गयाबाई, तो नियम नव्हता."

"कंचा?"

"लिहिता-वाचता येण्याचा. पुस्तकात तसलं काही नव्हतं. तुम्हाला घमेलंभर खडे पडले होते आणि मला जायचं होतं. मी खोटं बोललो. तिथं जाऊन चष्म्याचंही बोललो नाही. मांडलं म्हणून सांगितलं तेही खोटं."

तिनं विचारलं, "मंग तुमी बोट ठिवलं तितं काय लिवलं व्हतं?"

"झेंड्याचं माप."

"झेंड्याचं," ती म्हणाली. ती ओरडेल, रडेल, निदान मला हाकलून देईल, याची मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर त्याची मला आशा होती. तिनं तसं काहीच केलं नाही. ती काहीतरी जुळवत होती, ओठ हलत होते. मग एकदम म्हणाली, "आगं माय. पारू."

बाजेची कड धरून ती उठली आणि भिंतीला टेकलेली काठी घेतली. "कुठं निघालात?" मी विचारलं.

"पारूकडं. तिला सांगाया पायजे."

"थांबा, मीही येतो. ते मी सांगतो, खोटं माझं आहे."

"तुमचं तुमी बगा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पारूला नियम हाय म्हणून म्या सांगितलं. माझ्या तोंडानं. तुमी न्हाई सांगितलं. माझी चूक माझी मी सांगते. तुमी बसा."

ती गल्लीतून काठी टेकत गेली. मी बाजेवर बसलो. पारूचं घर चार घरं सोडून, बाजेवरून सरळ दिसत होतं. पारू बाहेर आली, पिठाचे हात पदराला पुसत. गयाबाई बोलत होती, शब्द मला ऐकू येत नव्हते. बोलता बोलता तिनं काठी खाली टाकली आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या त्या बाईपुढं हात जोडले. पारूनं घाईनं तिचे हात धरले, खाली केले. मग दोघी उभ्या राहून बोलत राहिल्या, आणि एका क्षणी पारूनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मी उठून तिच्याकडं जायला हवं होतं. मधे चारच घरं होती. मी बसूनच राहिलो.